दूरदर्शनवरील मुद्रण डीव्हीडीवर उतरविताना

छापलेला शब्द टिकतो तो त्याच्या पुष्कळ प्रती निघतात म्हणून. एका ग्रंथालयातील पुस्तकाला वाळवी लागली, तर दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात त्याची जोडप्रत सापडते. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाचे तसे नाही. तो एकाच वेळी लक्षावधी घरांत दिसतो आणि दुसऱ्या क्षणी सर्व घरांतून नाहीसा होतो. केंद्राजवळ त्याचे मुद्रण शिल्लक असले तर असते. नसले तर त्याची केवळ आठवण उरते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती, आमची माणसं’ ही नावे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी अजून काढतात. परंतु त्या काळी घरच्या घरी चित्रमुद्रण करण्याचे साधन बहुतेक प्रेक्षकांजवळ नव्हते. जगभरच्या केंद्रांवर तेव्हा मुद्रणाच्या फिती अतिशय महाग असत आणि जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा मुद्रित करण्याची रीत सर्रास होती. ब्रिटनमधील बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे १९६० च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग यामुळे चित्ररूपाने कायमचे गेले. मात्र त्या सर्व भागांचा ध्वनी आज उपलब्ध आहे. कारण काही हौशी प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून तो टिपून ठेवला होता. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मॅरियन स्टोक्स या एकेकाळच्या ग्रंथपाल बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ, २०१२ साली निधन होईपर्यंत, घरातील यंत्रांवर बातम्यांचे अखंड मुद्रण केले. त्यांच्या मागे सुमारे ७० हजार फिती उरल्या. जे काम संस्थांनी केले नाही, ते घरगुती मुद्रणाने केले, असे या दोन्ही उदाहरणांत दिसते.

आज आपल्याकडे मुद्रणाची साधने स्वस्त झाली आहेत. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या निःशुल्क उपग्रह सेवेचा, म्हणजे आजच्या डीडी फ्री डिशचा, सेट-टॉप बॉक्स कितीतरी खेड्यांत पोहोचला आहे. अशा अनेक बॉक्सना पेन ड्राइव्ह जोडून समोरचा कार्यक्रम फाइलच्या स्वरूपात टिपता येतो. अडचण येते ती पुढे. ही फाइल संगणकावर कशीबशी चालते, डीव्हीडी प्लेअरवर बहुधा चालतच नाही, आणि तिचे रूपांतर करण्याच्या खटपटीत चित्र फिके होते, आवाज ओठांच्या मागे पडतो, नर्तकीच्या हाताला फणीसारखे दात फुटतात. हे कशामुळे होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु नाटक, मुलाखत, कीर्तन, लोककला यांचा अभ्यास करणाऱ्याला साधनांच्या शुद्ध प्रतींची गरज इतरांहून अधिक असते; म्हणून हा प्रपंच.

चित्र आणि त्याचा हिशेब

भारतात ‘पाल’ ही रंगीत चित्राची पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात एका चित्रचौकटीत ६२५ ओळी असतात व त्यांपैकी ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या असतात. दर सेकंदाला अशा २५ चौकटी दाखविल्या जातात. पण एक चौकट एकदम येत नाही. प्रथम ओळी १, ३, ५ अशा विषम क्रमाने येतात व सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर २, ४, ६ या सम ओळी येतात. म्हणजे २५ पूर्ण चौकटींऐवजी ५० अर्धचौकटी आपण पाहतो. हालचाल सफाईदार दिसावी म्हणून ही योजना केलेली आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

अंकीय चित्रात प्रत्येक ओळीवर ७२० बिंदू धरतात. एक चौकट म्हणजे ७२० गुणिले ५७६, अर्थात ४,१४,७२० बिंदू. स्टुडिओच्या पद्धतीप्रमाणे दर बिंदूला सरासरी १६ बिट लागतात. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दर सेकंदाला सुमारे १६ कोटी ५९ लाख बिट होतात. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट आहे. भागाकार केला तर असे अनघड चित्र डीव्हीडीवर चार मिनिटेही मावत नाही, असे दिसते. तरीही त्याच तबकडीवर दोन तासांचा चित्रपट बसतो. हे साधते संकोचनामुळे.

संकोचनाची युक्ती

डीव्हीडीवर चित्रासाठी मुख्यतः एमपेग-२ ही संकोचनाची पद्धत वापरतात. तिचे तत्त्व सोपे आहे. निवेदक बातम्या वाचत असताना मागील पडदा, टेबल, त्याचा कोट यांत चौकटीगणिक काही बदल होत नाही. बदलतात ते ओठ आणि पापण्या. मग प्रत्येक वेळी सगळे चित्र नव्याने कशाला पाठवावे? एक चौकट पूर्ण पाठवावी आणि नंतरच्या चौकटींत फक्त फरक सांगावा.

याप्रमाणे चौकटींचे तीन प्रकार होतात. ‘आय’ चौकट स्वयंपूर्ण असते. ‘पी’ चौकट आधीच्या चौकटीशी असलेला फरक सांगते. ‘बी’ चौकट मागच्या व पुढच्या अशा दोन्ही चौकटींचा आधार घेते. तिला सर्वांत कमी जागा लागते. एका ‘आय’ चौकटीपासून दुसऱ्या ‘आय’ चौकटीपर्यंतच्या चौकटींचा एक गट मानतात. पाल पद्धतीच्या डीव्हीडीत असा गट १५ चौकटींहून मोठा चालत नाही. १२ चौकटींचा गट म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद.

या युक्तीची किंमतही मोजावी लागते. संकोचन करताना डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे गाळले जातात, आणि गाळलेले पुन्हा मिळत नाहीत. प्रक्षेपण केंद्राने कार्यक्रम एकदा संकोचित करून पाठविला आहे. आपण तो उलगडून पुन्हा संकोचित केला की दुसऱ्यांदा गाळणी होते. आणि ती मूळ चित्राची नव्हे, तर आधीच गाळलेल्या चित्राची. पहिल्या संकोचनाने जे चौकोनी डाग सोडले, त्यांनाच दुसरे संकोचन चित्राचा भाग समजून जपते आणि खरा तपशील टाकून देते.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रकार अनोळखी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. प्रतीवरून प्रत उतरविली जाताना तिच्यात अपपाठ शिरत गेले आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. नक्कलकाराची चूक पुढच्या नक्कलकाराला मूळ संहिताच वाटते. पोथीच्या बाबतीत निदान अनेक प्रती ताडून पाहता येतात. ज्या कार्यक्रमाचे एकच मुद्रण उरले आहे, त्याच्या बाबतीत तोही मार्ग नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, जे संकोचित रूप हाती आले आहे ते शक्यतो तसेच्या तसे तबकडीवर न्यावे. नवे संकोचन हा शेवटचा उपाय समजावा.

मूळ फाइलची तपासणी

प्रक्षेपणातून आलेली फाइल बहुधा ‘ट्रान्सपोर्ट स्ट्रीम’ या जातीची असते. तिच्या नावाला ‘टीएस’ हे शेपूट असते. तिच्यात चित्र, ध्वनी व इतर माहिती १८८ बाइटांच्या लहान लहान पुडक्यांत मिसळून ठेवलेली असते. प्रवासात एखादे पुडके हरवले तरी पुढची ओळखता यावीत, असा त्यामागील हेतू आहे. डीव्हीडीवरील रचना निराळी आहे. तिथे वाटेत काही हरवणार नाही असे गृहीत धरून माहिती २०४८ बाइटांच्या भागांत बांधतात. तेव्हा पहिले पाऊल म्हणजे मूळ गाठोडे सोडून चित्र व ध्वनी वेगळे करणे. यात संकोचन उलगडले जात नाही, म्हणून दर्जा तिळमात्र कमी होत नाही. ‘प्रोजेक्ट-एक्स’ हा विनामूल्य कार्यक्रम याच कामासाठी प्रसिद्ध झाला. ‘एफएफएमपेग’नेही ते होते.

ओठ आणि आवाज यांची फारकत येथेच होते. प्रक्षेपणातील ध्वनीचे तुकडे प्रत्येकी २४ सहस्रांश सेकंदाचे असतात आणि चित्राची चौकट ४० सहस्रांश सेकंदाची असते. पावसाळी हवेत संकेत क्षीण झाला आणि ध्वनीचे दहा तुकडे गळाले, तर तेवढ्यापुरता आवाज पाव सेकंद पुढे सरकतो. असे चार ठिकाणी झाले की नाटकातील पात्र तोंड उघडण्यापूर्वीच बोलू लागते. प्रत्येक तुकड्यावर वेळेचा शिक्का असतो. चांगले साधन तो शिक्का वाचून गळालेल्या जागी तेवढीच शांतता घालते व मेळ राखते. जे साधन शिक्क्याकडे न पाहता तुकडे नुसते एकापुढे एक जोडते, ते टाळावे. म्हणूनच मेळ केवळ सुरुवातीला तपासून भागत नाही. सुरुवातीला, मध्ये आणि अखेरीस असा तीन ठिकाणी तपासावा. फरक तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर सगळा ध्वनी तेवढा सरकविला की काम होते. तो वाढत गेलेला असेल तर वाटेत कोठेतरी तुकडे गळाले आहेत असे समजावे.

याच वेळी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली, चित्राचे माप. पाल डीव्हीडीला ७२० किंवा ७०४ गुणिले ५७६, ३५२ गुणिले ५७६ आणि ३५२ गुणिले २८८ एवढीच मापे मान्य आहेत. प्रक्षेपणात जागा वाचविण्यासाठी कधी कधी ५४४ किंवा ४८० गुणिले ५७६ अशी मापे वापरतात. ती डीव्हीडीच्या नियमात बसत नाहीत. दुसरी, चित्राची रुंदी. ४:३ व १६:९ या दोन्ही आकारांची चित्रे त्याच ७२० गुणिले ५७६ बिंदूंत साठविलेली असतात. कोणता आकार दाखवावयाचा हे एका खुणेवरून ठरते. ती खूण चुकली की माणसे लांबुडकी किंवा बसकी दिसतात. चित्राला हात न लावता नुसती खूण दुरुस्त करता येते. तिसरी, ध्वनीचे मान. डीव्हीडीला सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचा ध्वनी लागतो. प्रक्षेपणात तो बहुधा तसाच असतो. पण संगणकावर ४४,१०० नमुन्यांनी मुद्रित केलेला असेल तर बदलून घ्यावा लागतो.

कापणी

यानंतर जाहिराती व आगापिछा काढण्याचे काम. येथे चौकटींच्या प्रकारांचे ज्ञान उपयोगी पडते. ‘पी’ किंवा ‘बी’ चौकटीपाशी कात्री चालविली, तर तिचा आधार असलेली चौकट कापून जाते आणि पुढील चित्रात क्षणभर राखाडी ठिगळे दिसतात. म्हणून तुकड्याची सुरुवात ‘आय’ चौकटीवर करावी. गट अर्ध्या सेकंदाचा असल्याने नेमकी हवी ती जागा मिळाली नाही, तरी अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक पडत नाही. जाहिरातीची एखादी चौकट डोकावली तर चालेल; संवादाचे पहिले अक्षर जाता कामा नये. काही साधने फक्त कापलेल्या जागेच्या आसपासच्या मोजक्या चौकटी नव्याने संकोचित करतात व बाकीचे सर्व जसेच्या तसे ठेवतात. बारीक कापणी करणे अवश्यच असेल तर त्यांचा उपयोग करावा.

कापणीपूर्वीची मूळ फाइल मात्र पुसू नये. आज आपल्याला नाटक हवे आहे. उद्या एखाद्या अभ्यासकाला त्या काळच्या जाहिराती हव्या असतील. आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, तेही साधनच असते.

जागेचा हिशेब

तबकडीवर किती मावेल याचा हिशेब प्रारंभीच करावा. ३७.६ अब्ज बिटांना कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागले की दर सेकंदाला किती बिट खर्च करता येतील ते कळते. दोन तासांच्या कार्यक्रमाला सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट मिळतात, दीड तासाच्या कार्यक्रमाला जवळजवळ ७० लाख, तीन तासांना अवघे ३५ लाख. यातून तबकडीच्या रचनेसाठी शेकडा चार वजा करावेत. चित्राला सेकंदाला ९८ लाख बिटांची आणि सर्व मिळून १ कोटी ८० हजार बिटांची कमाल मर्यादा आहे; म्हणून तासाभराच्या कार्यक्रमाला जागा उरली तरी त्याहून अधिक खर्च करता येत नाही. संगणक ४.७ ऐवजी ४.३७ असा आकडा दाखवितो तो तबकडी सदोष असल्यामुळे नव्हे. संगणक हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतो, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, आपण एका तीन अंकी नाटकाचे मुद्रण केले आहे आणि जाहिराती काढल्यावर ते अडीच तासांचे, म्हणजे ९,००० सेकंदांचे उरले. प्रक्षेपणात चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सरासरी ३५ लाख बिट असतील, तर एकूण ३१.५ अब्ज बिट झाले. ते एका तबकडीवर सहज मावतात. नवे संकोचन करण्याचे काहीच कारण नाही. येथे पुष्कळांची समजूत अशी असते की, जागा शिल्लक आहे तर बिट वाढवून चित्र सुधारून घ्यावे. ३५ लाखांचे चित्र उलगडून ४० लाखांत पुन्हा बांधले तर ते मूळाहून चांगले होत नाही, थोडे वाईटच होते.

आता प्रक्षेपण सेकंदाला ५० लाख बिटांचे असेल तर ४५ अब्ज बिट होतील व ते मावणार नाहीत. अशा वेळी तीन मार्ग असतात. दोन तबकड्या वापराव्यात, ८.५ अब्ज बाइटांची दुहेरी थराची तबकडी घ्यावी. किंवा संकोचन वाढवावे. पहिला मार्ग सर्वांत निर्धोक आहे. नाटककाराने अंक पाडून ठेवलेच आहेत. दुसऱ्या अंकाच्या पडद्याशी पहिली तबकडी संपवावी. तबकडी बदलण्याला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ नाट्यगृहातही प्रेक्षक चहा घेत असतातच.

नवे संकोचन करावेच लागले तर

काही वेळा मात्र इलाज नसतो. आज अनेक वाहिन्या एच.२६४ या नव्या पद्धतीने व १९२० गुणिले १०८० या मोठ्या मापाने येतात. डीव्हीडी प्लेअरला हे दोन्ही समजत नाही. ५४४ बिंदूंच्या चित्राचीही गत तीच. अशा वेळी पुढील पथ्ये पाळावीत.

एक, अर्धचौकटींचा मान राखावा. संगणकाच्या पडद्यावर हलत्या वस्तूच्या कडेला फणीचे दात दिसतात, ते दोन अर्धचौकटी एकाच वेळी दाखविल्यामुळे. ते पाहून ‘दोष’ काढण्याचा मोह होतो आणि सम ओळी किंवा विषम ओळी टाकून दिल्या जातात. त्याने लावणीतील गिरकी किंवा तबलजीची बोटे यांच्या हालचालीचा निम्मा तपशील जातो. डीव्हीडी ही अर्धचौकटी जशाच्या तशा ठेवू शकते व दूरचित्रवाणी संच त्या नीट दाखवितो. तेव्हा त्या राहू द्याव्यात. कोणती अर्धचौकट आधी, हा क्रमही बदलू नये. तो उलटला तर हालचाल पुढे-मागे थरथरते.

दोन, १०८० ओळींचे चित्र ५७६ ओळींवर आणताना दोन अर्धचौकटी एकमेकींत मिसळू देऊ नयेत. साधनात त्यासाठी अर्धचौकटींची स्वतंत्र सोय असते. ती चालू आहे ना, हे पाहावे.

तीन, वेळ असेल तर दोन फेऱ्यांचे संकोचन निवडावे. हुशार विद्यार्थी प्रश्नपत्रिका हाती येताच प्रथम ती संपूर्ण वाचतो आणि कोणत्या प्रश्नाला किती वेळ द्यावयाचा ते ठरवितो. दोन फेऱ्यांचे संकोचन असेच चालते. पहिल्या फेरीत सगळा कार्यक्रम तपासून कोठे हालचाल अधिक आहे याची नोंद होते. दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिटांची वाटणी होते. स्थिर बसून चाललेल्या मुलाखतीतून वाचलेले बिट नृत्याला मिळतात.

चार, बिट फारच अपुरे असतील, उदाहरणार्थ एका तबकडीवर चार-साडेचार तासांचे व्याख्यानसत्र घ्यावयाचे असेल, तर ७२० ऐवजी ३५२ गुणिले ५७६ हे माप घ्यावे. चित्र किंचित मऊ दिसते, पण चौकोनी डागांपेक्षा ते पत्करते.

मांडणी

आता चित्र व ध्वनी डीव्हीडीच्या विशिष्ट रचनेत बसवावयाचे. फाइल नुसती तबकडीवर ठेवली, तर ती संगणकाची माहिती-तबकडी होते. साध्या प्लेअरला ती कळत नाही. प्लेअर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर शोधतो. त्यात तीन प्रकारच्या फाइल असतात. ‘व्हीओबी’त प्रत्यक्ष चित्र व ध्वनी असतो व ती एक गिगाबाइटहून मोठी होऊ देत नाहीत. ‘आयएफओ’त अनुक्रमणिका असते. ‘बीयूपी’ ही त्याच अनुक्रमणिकेची जादा प्रत असते. एका ठिकाणी ओरखडा पडला तरी दुसऱ्या ठिकाणची प्रत वाचता यावी, एवढा विचार योजकांनी केला आहे. ‘डीव्हीडीस्टायलर’ यासारखी विनामूल्य साधने हे सर्व आपोआप करून देतात. आधीच नियमात बसणारे चित्र त्यांना दिले असेल, तर ते पुन्हा संकोचित न करता घेण्याची निवड आठवणीने करावी.

प्रकरणे पाडण्याचे काम मात्र यंत्रावर सोपवू नये. दर पाच मिनिटांनी आपोआप पडलेले प्रकरण वाक्याच्या मध्येच सुरू होते. अभ्यासकाला उपयोगी पडेल अशी विभागणी अंक, प्रवेश, कीर्तनाचा पूर्वरंग व उत्तररंग, मुलाखतीतील विषयांतर यांनुसारच होऊ शकते, आणि ती कार्यक्रम समजणाराच करू शकतो. तंत्रज्ञापेक्षा वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचा अधिकार येथे मोठा आहे.

त्याचबरोबर सुरुवातीच्या पाटीवर वाहिनी, प्रक्षेपणाची तारीख, सहभागी व्यक्ती आणि मुद्रण कोणी केले हे लिहावे. जाहिराती काढल्या असतील, नवे संकोचन केले असेल, तर तसेही नमूद करावे. जुने लिपिकार पोथीच्या शेवटी शक, तिथी, गाव व आपले नाव लिहून ठेवीत. त्या पुष्पिकांवरून आज संशोधक प्रतीचे वय व विश्वसनीयता ठरवितात. तारीख नसलेले मुद्रण पाहायला कितीही सुंदर असले, तरी पुरावा म्हणून लंगडेच पडते.

लिहिणे आणि पडताळणे

‘डीव्हीडी बर्न करणे’ हा शब्दप्रयोग अगदी अलंकारिक नाही. कोऱ्या तबकडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लिहिण्याच्या वेळी लेसर किरण त्यावर सूक्ष्म ठिकाणी उष्णता निर्माण करून खुणा उमटवितो. त्या खुणांच्या वळशांमधील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. इतक्या नाजूक कामाला घाई मानवत नाही. तबकडीवर छापलेल्या कमाल वेगाऐवजी मध्यम वेग निवडावा आणि लिहून झाल्यावर ‘पडताळणी’ हा पर्याय अवश्य वापरावा. तबकडी ‘बंद’ करण्याचा, म्हणजे फायनलाइज करण्याचा टप्पा राहिला तर दुसऱ्या प्लेअरवर ती उघडत नाही. पहिला प्रयोग पुसता येणाऱ्या ‘आरडब्ल्यू’ तबकडीवर करावा. प्लेअरवर पाहून समाधान झाले म्हणजे मग कायमची तबकडी लिहावी.

हेच रंगद्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांनी हळूहळू खराब होते. कोकणातील किंवा गोव्यातील पावसाळी हवेत विशेष काळजी घ्यावी. तबकडी डबीत उभी ठेवावी, तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये, टोकदार पेनाने लिहू नये. दर दोन-तीन वर्षांनी ती एकदा संगणकावर पूर्ण वाचून पाहावी व कुरबूर दिसताच नवी प्रत काढावी.

कायद्याचे बंधन

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) ३९ व्या कलमाने स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, तसेच केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी, प्रक्षेपणाचे मुद्रण करण्यास मोकळीक दिली आहे. परंतु अशा तबकड्या विकणे, वाटणे किंवा त्यांचे जाहीर खेळ करणे या मोकळिकीत बसत नाही. नाटककार, नट, निर्माते यांचे हक्क कायम असतात. कुलूपबंद वाहिन्यांचे कुलूप तोडणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे.

समारोप

येथवर आल्यावर कोणी विचारील की, आता नव्या लॅपटॉपना डीव्हीडीचा ड्राइव्हसुद्धा नसतो, मग हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. माहितीचे एकमेव भांडार म्हणून डीव्हीडीवर विसंबणे आज कोणीही शहाणपणाचे म्हणणार नाही. मूळ ‘टीएस’ फाइल दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर असलीच पाहिजे; ती आपली मूळ प्रत होय. डीव्हीडी ही वाचनप्रत. तिला इंटरनेट लागत नाही, वर्गणी लागत नाही, लिहून झाल्यावर ती चुकून पुसली जात नाही, आणि ज्या आजोबांना संगणक हाताळता येत नाही, तेही ती प्लेअरमध्ये सरकवून आपल्या तरुणपणी पाहिलेले नाटक पुन्हा पाहू शकतात. ग्रंथालयाच्या फडताळात पुस्तकाशेजारी ती मावते व तिच्यावर क्रमांक घालता येतो.

महाविद्यालयाने या बाबतीत एक लहानसे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक विभागाने वर्षभरात आपल्या विषयाशी संबंधित अशी पाच-सहा मुद्रणे निवडावीत. कायद्याची मर्यादा सांभाळून त्यांची मूळ फाइल व वाचनप्रत ग्रंथालयात ठेवावी. प्रत्येकाबरोबर कागदावर लिहिलेली पुष्पिका असावी. खर्च काही शे रुपयांचा आहे. लागते ती चिकाटी. आपल्या आधीच्या पिढीच्या आवडत्या कार्यक्रमांबद्दल आपण आज त्यांच्या तोंडून ऐकतो आणि ते मिळतील का म्हणून शोधत फिरतो. आज रात्री सह्याद्री वाहिनीवर जे दिसणार आहे, त्याविषयी पुढील पिढीवर तशी वेळ येऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे.